बायोलॉजीतला पगार: तुमची सही कुठे चालते?

मेडिकल हुकलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "मग बायोटेक कर, स्कोप आहे." स्कोप राहू द्या. कोर्सचं माहितीपत्रक हातात आलं की एवढंच बघा: या पदवीवर तुमची सही कायद्याने कुठे चालते? बायोलॉजीत पगार बहुतेक वेळा त्या सहीमागे जातो, पदवीच्या नावामागे नाही.

डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) करून लॅब टाकता येते, पण पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टचीच सही लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं. ड्रग इन्स्पेक्टर व्हायला फार्मसीची पदवी लागते, किंवा क्लिनिकल फार्माकॉलॉजी वा मायक्रोबायोलॉजीत विशेष शिक्षण घेतलेलं डॉक्टर असावं लागतं. नुसती एमएस्सी मायक्रो चालत नाही, आणि हे बरेच जण एमएस्सी झाल्यावर वाचतात. बी.व्ही.एस्सी., म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची पदवी, मात्र उगाच मागे पडते. साडेपाच वर्षांचा कोर्स, प्रवेश नीटच्याच गुणांवर, नोंदणी झाली की स्वतःची प्रॅक्टिस, आणि एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी हे गट अ चं पद. गोठ्यात उतरायची तयारी हवी, एवढंच.

मायक्रोबायोलॉजीच घेतली असेल तर इंजेक्शन आणि लस बनवणाऱ्या कंपन्यांचं क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा विभाग, बघा. जाहिरातीत 'एफडीए अप्रूव्हड' (राज्याच्या औषध प्रशासनाने चाचण्यांसाठी मान्य केलेला) अशी अट दिसते. ही मान्यता आपण जाऊन आणायची नसते. अनुभव झाल्यावर कंपनी तुमच्या नावाने अर्ज करते. म्हणून पहिली नोकरी सोडताना अनुभवपत्रात चाचण्यांची नावं लिहून घ्या: स्टरिलिटी, एंडोटॉक्सिन, एन्व्हायर्न्मेंटल मॉनिटरिंग. "क्यूसी विभागात काम केले" या वाक्याचा पुढे काही उपयोग होत नाही. मुलाखतीत विचारतात तेही असंच रोजचं असतं. स्टरिलिटीच्या नळ्या १४ दिवस का ठेवायच्या? (हळू वाढणारे जंतू लवकर दिसत नाहीत.) मीडिया फिलमध्ये, म्हणजे भरण्याच्या प्रक्रियेच्या चाचणीत, औषधाऐवजी काय भरतात? (जंतू वाढतील असं पोषक द्रव.) आकडा चुकीचा लिहिला तर काय कराल? व्हाइटनर म्हणालात की मुलाखत संपली. एक आडवी रेघ, जुना आकडा वाचता यायला हवा, शेजारी सही, तारीख आणि कारण.

आणि एक विनंती: एमएस्सीच्या प्रोजेक्टला कुठल्यातरी पानांचा अर्क काढून प्लेटवर झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) मोजू नका. मुलाखत घेणाऱ्यांनी असे प्रोजेक्ट ढिगाने पाहिलेले असतात.

सही नको असेल तर कोड. बायोइन्फॉर्मॅटिक्सला (जीवशास्त्राचा डेटा कॉम्प्युटरवर तपासणं) सर्टिफिकेटपेक्षा केलेलं काम दाखवावं लागतं. आधी लिनक्सच्या कमांड, मग आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा. एनसीबीआयच्या एसआरए या खुल्या डेटासाठ्यातून एखाद्या जिवाणूचा आरएनए-सीक्वेन्सिंगचा डेटा (कोणतं जीन किती चालू आहे ते दाखवणारा) फुकट उतरवा, क्वालिटी तपासा, अलाइन करा (तुकडे जीनोमवर जुळवा), जीननिहाय मोजणी करा, दोन गटांत फरक काढा आणि सगळा कोड गिटहब या साइटवर सर्वांना दिसेल असा ठेवा. सुरुवात जिवाणूपासूनच करा. ई. कोलायचा जीनोम सुमारे ४६ लाख बेसचा, ८ जीबीच्या लॅपटॉपवर आरामात चालतो. माणसाचा जीनोम स्टार या अलाइन करणाऱ्या प्रोग्रॅमला दिलात तर ३० जीबीच्या आसपास रॅम लागते. लॅपटॉप मान टाकतो आणि पोरं समजतात, आपल्यालाच येत नाही.

पेटंट एजंटच्या (दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज तयार करून दाखल करणारा) परीक्षेकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. विज्ञानाची पदवी आणि वयाची २१ वर्षं पूर्ण, बस. १०० गुणांचे दोन पेपर आणि तोंडी परीक्षा. प्रत्येक पेपरात किमान ५० आणि एकूण ६० टक्के. दुसऱ्या पेपरात क्लेम, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क सांगतोय ते, लिहायला लावतात. नुसतं कायद्याचं पाठांतर केलेले तिथेच अडकतात.

पीएचडीचा हिशेब सरळ आहे. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. ती ज्यातून मिळते त्या सीएसआयआर-नेट परीक्षेच्या लाइफ सायन्सेसच्या पेपरात २०० गुणांपैकी १०० भाग 'क' मध्ये: ७५ प्रश्नांतले २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, चुकलं की एक गुण वजा. तिथे पाठांतर चालत नाही, प्रयोगाचा आलेख वाचता यावा लागतो.

अकरावीत "नीटच द्यायचीय" म्हणून गणित सोडलेल्यांना याची किंमत मोजावी लागते. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत ६० पैकी १५ प्रश्न गणिताचे. एमएस्सीच्या प्रवेशासाठीच्या जॅमच्या बायोटेक्नॉलॉजी पेपरात आणि गॅट-बी या बायोटेकच्या प्रवेश परीक्षेतही बारावीच्या पातळीचं गणित येतं. विषय सुटला असेल तर संभाव्यता, लॉगॅरिदम आणि मॅट्रिक्स एवढं तरी बारावीच्या पुस्तकातून करून ठेवा.