बारापैकी बारा

बुधवार, रात्री उशिरा

‘बाराच्या बारा रुग्ण बरे! कर्करोगावर औषध सापडलं!’ जुनाच निरोप आज पुन्हा तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. चीड आणणारी गोष्ट अशी, की आकडा खोटा नाही. 2022 साली न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या चाचणीत डोस्टारलिमॅब नावाच्या औषधाने गुदाशयाच्या कर्करोगाच्या पहिल्या बारा रुग्णांच्या गाठी खरोखरच दिसेनाशा झाल्या. शस्त्रक्रिया नाही, केमो नाही, रेडिएशनही नाही. निरोपात गाळलंय ते एवढंच, की या बाराही जणांच्या गाठींत डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणा बिघडलेली होती. अशा गाठी प्रतिकारशक्तीला चटकन परक्या वाटतात. गुदाशयाच्या कर्करोगात हा बिघाड शंभरात पाच-दहा जणांकडेच सापडतो. उरलेल्यांनी तो निरोप वाचून काय करायचं?

हे सगळं इतकं मनाला लागायचं कारण म्हणजे ताई. तिच्या डॉक्टरांनी परवा एका चाचणीचं नाव काढलं. टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, चेतवणारं नवं औषध, माणसांवरचा पहिला टप्पा. तेव्हापासून मिळेल ते वाचतेय.

पहिल्या टप्प्यात मुख्यतः एकच पाहतात: औषध माणसाला कितपत सोसतं. पुष्कळदा तीन-तीन रुग्णांचे गट करतात. पहिल्या गटाला अगदी थोडी मात्रा, त्यांना काही झालं नाही तर पुढच्या गटाला जरा जास्त. म्हणजे जो आधी पुढे येतो त्याला कदाचित गुण येण्याइतकं औषधच मिळत नाही. त्याच्या रक्तावरून जे कळतं ते नंतर येणाऱ्यांच्या कामी येतं. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे काही वाचलंच नाही.

इतकं जपून का, तर 2006 साली लंडनमध्ये जे झालं त्यामुळेही. टीजीएन1412 हे टी-पेशींना चेतवणारंच औषध सहा धडधाकट स्वयंसेवकांना काही मिनिटांच्या अंतराने टोचलं गेलं आणि सहाही जणांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. माकडांना वजनाच्या हिशोबात त्याच्या कितीतरी पट मात्रा निर्धोक ठरली होती. सगळे वाचले, पण त्यानंतर नियम कडक झाले. आता अशा औषधांत आधी एकालाच डोस देतात आणि वाट पाहतात.

ताईला मात्र मी आधी एमिली व्हाइटहेडची गोष्ट सांगितली. सहा वर्षांची मुलगी, रक्ताचा कर्करोग दोनदा उलटलेला. 2012 साली फिलाडेल्फियात तिच्याच टी-पेशी काढून, त्यांत बदल करून परत दिल्या. असे उपचार घेणारी ती पहिलीच लहान मुलगी. ताप भडकला, व्हेंटिलेटर लावावा लागला. रक्तात आयएल-6 हे प्रथिन भलतंच वाढलेलं दिसलं, म्हणून डॉक्टरांनी संधिवातासाठी वापरलं जाणारं टोसिलिझुमॅब देऊन पाहिलं आणि पोरगी सावरली. कर्करोगही गेला. पाच वर्षांनी, 2017 मध्ये, त्या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि तिच्यानंतरच्यांचं?” काहींना गुण आला, काहींचा आजार परत उलटला, काही गेले. तेही सांगितलं. ताईपासून लपवून काही उपयोग नसतो.

खोटी आशा दाखवू नका, असं ठणकावून सांगणाऱ्यांचाही मला आताशा राग येतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर, म्हणजे जिथे फारसं काही चालत नाही तिथे, प्रत्येक रुग्णाच्या गाठीवरून बेतलेली एमआरएनए लस, म्हणजे गाठ ओळखायला शिकवणारा संदेश शरीराला देणारी लस, सोळा जणांना दिली. त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. शस्त्रक्रियेनंतर इतर औषधांबरोबर दिलेली लस. आठ जणांच्या टी-पेशी जाग्या झाल्या आणि त्या आठ जणांत आजार उलटायला उरलेल्यांपेक्षा जास्त काळ लागला. लसीमुळेच तसं झालं, असं सोळा माणसांवरून छातीठोकपणे म्हणता येत नाही, म्हणून मोठी चाचणी हाती घेतली गेली. पण या आशेला खोटी कसं म्हणायचं? ती अर्धवट आहे. निम्म्यांच्या बाबतीत काहीच झालं नाही, हे धरूनच ती मोजायची.

उद्या डॉक्टरांकडे न्यायला कागदावर प्रश्न काढलेत. ताई कितव्या गटात असेल? त्या मात्रेवर आधी कुणाला काय त्रास झाला? तिच्या गाठीत या औषधाला हवी ती खूण आहे का, की तेही अजून तपासायचंय? यात शिरल्यावर नेहमीच्या औषधांचा रस्ता बंद होतो का? मध्येच बाहेर पडता येतं, हे संमतिपत्रात असतंच, पण तिच्यासमोर पुन्हा विचारणार आहे.

ताईने कागद वाचून खाली स्वतःचा प्रश्न जोडला: आठवड्यातून किती वेळा यायचं, आणि सुया किती?