आल्बाराथिनचा तट चढून आलो!

स्पेनला जाऊन बार्सिलोना-माद्रिद सगळेच करतात, आम्ही आज तेरुएलहून वाकडी वाट करून आल्बाराथिनला गेलो. वस्ती हजाराच्या आसपास. खाली ग्वादालावियार नदीने गावाला जवळजवळ वळसाच घातलाय, त्यामुळे खंदक आयता मिळालेला. उघडी बाजू डोंगराची, तिथे तट थेट वरपर्यंत चढवलाय. ११व्या शतकात हे बनू रझीन या उत्तर आफ्रिकी बर्बर वंशाच्या घराण्याचं चिमुकलं राज्य होतं. पुढे ते आसाग्रा घराण्याकडे आलं, आणि शेजारी आरागॉन व कास्तील अशी दोन बलाढ्य राज्यं असूनही त्यांनी कुणालाच फारशी दाद दिली नाही. तट बघितल्यावर ही मिजास कुठून आली ते कळतं.

घरं मात्र भलतीच गोड. जिप्समचा गुलाबी-लालसर गिलावा, त्यातून डोकावणारी लाकडं, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला. काही बोळांत समोरासमोरची छपरं एकमेकांच्या कानाला लागलेली! हुलियानेताचं घर तर इतकं तिरकं, की फोटो सरळ येईना. दारांवरच्या लोखंडी कड्या सरड्याच्या आकाराच्या. वाजवायचा मोह कसाबसा आवरला.

वरच्या आंदादोर बुरुजापर्यंतची चढण मात्र दम काढते. वाटेत तटाच्या आत नुसता मोकळा उतार, एकही घर नाही.

उद्या तेरुएलचे मुदेहार (इस्लामी वळणाच्या शैलीतले) मनोरे. नवरा आत्ताच म्हणतोय, "तू चढ, मी खाली कॉफी घेतो."