रस्त्यापासून कमोडपर्यंत : आईसोबत सोलापुरात चार दिवस

आईचं माहेर सोलापूरच्या साखर पेठेतलं. मामाचं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना इतका अरुंद की चढताना दोन्ही खांदे भिंतीला घासतात. तीन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून तिची डावी बाजू अधू आहे. चार पायांची काठी घेऊन दहा-बारा पावलं टाकते, त्यापुढे व्हीलचेअर लागते. मामाकडे उतरणं कायमचं बंद झालं, पण माहेराची ओढ काही बंद झाली नाही.

गेल्या वर्षी मी ऑनलाइन एक हॉटेल बुक केलं होतं. सुविधांच्या यादीत व्हीलचेअरचं चित्र होतं, लिफ्ट होती, मी निर्धास्त. पोचलो तर लिफ्ट पाच पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होत होती. दोन मुलं पुढे आली, "उचलून नेतो की ताई, काय टेन्शन घेऊ नका" म्हणाली आणि आईला खुर्चीसकट उचलून वर घेऊन गेली. मुलं भली होती, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण आईने डोळे मिटून घेतले होते. खोलीत गेल्यावर कळलं की व्हीलचेअर बाथरूमच्या दारातून आत जातच नाही.

त्या दोन दिवसांत आई पाणी प्यायचीच बंद झाली. जेवणाबरोबर दोन घोट, बस्स. मला ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं, तिचे ओठ कोरडे दिसले तेव्हा. मी विचारलं तर म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं गं." मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून या वेळी तारीख ठरवायच्या आधी मी आईची व्हीलचेअर मोजली. चाकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साडेपंचवीस इंच. हा एकच आकडा हाताशी असला की निम्मी हॉटेलं फोनवरच बाद होतात. तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली धरली. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा गावात माणूस माणसाला लागून चालतो. आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. दोन्ही आईला झेपणारं नव्हतं.

अकरा ठिकाणी फोन केले. "व्हीलचेअरची सोय आहे का?" असं विचारलं की उत्तर येतं, "आहे की!" हा प्रश्नच चुकीचा आहे, हे मला चौथ्या फोनला उमगलं. पाचव्यापासून मी इंच विचारायला लागले. बाथरूमचं दार किती इंच? रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती, अगदी एकसुद्धा? पलंगाच्या उजव्या बाजूला खुर्ची उभी राहील एवढी जागा आहे का? कारण आई उठते-बसते ती उजव्या बाजूच्या जोरावर. पलंग उजवीकडून भिंतीला टेकवलेला असेल तर ती खोली तिच्या कामाची नाही. काहींनी वैतागून फोन ठेवला. एकांनी रॅम्प आहे म्हणून फोटो पाठवला. दोन पायऱ्यांवर, म्हणजे साधारण फूटभर उंचीवर, चार फुटांचा उतार! तो सामानाच्या ट्रॉलीसाठी केलेला. माणसासाठी नियम एकास बाराचा असतो, एक इंच चढायला बारा इंच लांबी. फूटभर उंचीला बारा फूट रॅम्प हवा. चार फुटांच्या रॅम्पवर ढकलणाऱ्याचा पाय घसरला तर खुर्ची उलट्या दिशेने सुटते.

सात रस्ता चौकाच्या बाजूला एक लहानसं लॉज आहे, तिथल्या मालकांनी मात्र "थांबा ताई, टेप आणतो" म्हणून फोन चालू ठेवूनच खोली मोजली. बाथरूमचं दार सत्तावीस इंच. खोली तळमजल्यावर, त्यामुळे लिफ्टचा आणि वीज गेली तर काय, हा प्रश्नच मिटला. मी त्यांना एक विनंती केली : रस्त्यावर उभं राहून मोबाइल सुरू करा आणि चालत चालत थेट कमोडपर्यंत या, मध्ये कुठेही बंद करू नका. फोटोत उंबरा लपतो, अशा व्हिडिओत लपत नाही. दोन मिनिटांचा तो व्हिडिओ मी पाच वेळा पाहिला. प्रवेशाशी पाच इंचांची एक पायरी, तिच्यावर बाईक चढवायची दोन फुटी लोखंडी पट्टी. बाथरूमची फरशी खोलीपेक्षा दोन इंच खाली. कमोडशेजारी टॉवेल टाकायचा दांडा, त्याला हात दाखवून मालक म्हणत होते, "हे बघा, धरायला पण आहे."

टॉवेलचा दांडा म्हणजे आधार नव्हे, हे मला इथे तळमळीने सांगायचं आहे. तो छोट्या स्क्रूंवर असतो. उठताना पूर्ण वजन आलं की भिंतीतून निघून येतो आणि माणूस त्याच्यासकट खाली. मी हे मालकांना सांगितलं तर म्हणाले, "प्लंबर उद्या येणारच आहे नळासाठी. खरा दांडा आणून बसवतो की. कुठं ते सांगा फक्त." बसल्यावर उजव्या हाताला, कोपराच्या पातळीला, असं सांगितलं. पायरीसाठी त्यांनी सुताराकडून पाच फुटांची फळी करून घेतली, वर खडबडीत रबर ठोकून. पाच इंचाला पाच फूट, बरोबर एकास बारा. या कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

पुण्याहून गाडीने निघालो. भिगवणपाशी उजनीचं पाणी दिसलं, लांबवर रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रांग. बाकी रस्ता सरळच. लॉजसमोर गाडी थांबली तेव्हा मालक दारात उभे होते, पण पुढे धावले नाहीत. "मावशी, सावकाश या," एवढंच म्हणाले. आईने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि व्हीलचेअर नको म्हणाली. काठी टेकत, सात-आठ पावलांत, ती स्वतःच्या पायांनी आत गेली. मी मागे हात धरून होते, पण लागला नाही.

बाथरूमचं दार आत उघडणारं होतं, ते काही बदलता आलं नाही. आत कुणी पडलं तर तसं दार बाहेरून ढकलता येत नाही, म्हणून कडी लावायचीच नाही आणि मी बाहेर उभी राहायचं, असं ठरवलं. कमोडवर बसवायची चार इंची उंच सीट, अंघोळीची प्लॅस्टिकची खुर्ची आणि रबरी पट्टा मी घरूनच नेला होता. पहिल्या रात्री आईने जेवल्यावर तांब्या मागितला आणि पेला भरून पाणी प्यायली. मध्यरात्री मला हाक मारून उठवलं, दांडा धरून उठली, "छान घट्ट आहे गं" म्हणाली आणि परत येऊन झोपली.

संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो. देऊळ पाण्याने वेढलेलं, पलीकडे भुईकोट किल्ल्याची तटबंदी. आईने काठावरूनच हात जोडले. लहानपणी ती आजोबांच्या खांद्यावर बसून यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, बघायची. सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्या, एका रांगेत येताना अंगावर काटा यायचा, म्हणाली. मग बराच वेळ बोलली नाही. मी खुर्चीचे ब्रेक लावून शेजारी बसले. तुळजापूरला जायचं का म्हणून मी विचारलं होतं, पण तिथे देवळाकडे पायऱ्या उतरून जावं लागतं. तिनेच नको म्हटलं. "देवीला नमस्कार इथूनही पोचतो."

सोलापूरला उतरून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणारी मंडळी बहुतेक वयस्कर असतात, गुडघे न वाकणारी. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा आहे आणि त्यात इमारती सुगम करण्याची सक्ती आहे. तरी खोली शोधताना ही माणसं अजून "एसी आहे का" एवढंच विचारतात, कारण बाकीचं मिळेल असं त्यांना वाटतच नाही. त्यांनी मागायला हवं. अकरातल्या एकाने तरी टेप आणली ना!

तिसऱ्या दिवशी मामा-मामी आले. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, सगळं फडक्यात बांधून. आईने त्यांना पलंगावर बसवलं, स्वतः खुर्चीत बसली आणि उजव्या हाताने भाकरीचे तुकडे मोडून मामाच्या ताटात टाकत राहिली. "अरे घे की, माझ्या घरी आलायस," असं म्हणाली. मामांना काही बोलता येईना.

निघताना मालकांनी रजिस्टर पुढे केलं आणि शेवटच्या पानावर खोलीची सगळी मापं लिहून द्यायला सांगितली, पुढच्या वेळी कुणाचा फोन आला तर पटकन सांगता यावीत म्हणून. मी लिहिलं : खोलीचं दार ३२, बाथरूमचं दार २७, आत उघडतं, पायरी ५, फळी आहे, दांडा उजवीकडे. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "कमोडची उंची राहिली की ताई?" टेप घेऊन मी परत आत गेले. साडेपंधरा इंच.