वाक्याच्या शेवटचा ‘नाही’

सोमवार, रात्री साडेदहा

सकाळच्या व्हिडिओ कॉलवर आम्ही आठ जण होतो. माझी पाळी आली तेव्हा मी कामाचा आढावा दिला आणि शेवटी सांगितलं, की चाचणीचा भाग शुक्रवारपर्यंत होणार नाही. बैठक घेणारे सर ‘बरं, छान’ म्हणाले आणि विषय पुढे सरकला. मला वाटलं, किती समजूतदारपणे घेतलं.

दुपारी ताईंचा मेसेज आला. दुसऱ्या विभागात आहेत, माझ्याहून वयाने बऱ्याच मोठ्या. ‘अगं, शुक्रवारपर्यंत होणार म्हणालीस की होणार नाही? तुझ्या मागे खिडकी होती, ओठ दिसत नव्हते.’ ताई श्रवणयंत्र वापरतात. कानावर पडलेलं आणि ओठांवर दिसलेलं जुळवून बोलणं समजून घेतात, आणि शंका आली की विचारतात. मी लगेच आणखी दोघांना विचारलं. दोघांनीही ठामपणे सांगितलं, ‘होणार म्हणालात ना!’ बैठकीच्या टिपणातही ‘शुक्रवारी पूर्ण’ असंच लिहिलं होतं. तासाभरात सगळ्यांना दुरुस्ती कळवली, पण मन काही थाऱ्यावर येईना. ताईंनी विचारलं नसतं तर?

आत्ता त्या कॉलचं रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं. खिडकीतला उजेड लख्ख, आणि त्याच्यापुढे माझी नुसती काळी आकृती. लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवलेला, म्हणून कॅमेरा खालून वर बघतोय. हनुवटी मोठी, डोळे लहान, डोक्यावर छत. आवाज विहिरीतून आल्यासारखा. आणि ते वाक्य! ‘शुक्रवारपर्यंत होणार’ इथवर ऐकू येतं. पुढे श्वास संपत आलेला, मान कागदाकडे वळलेली, आणि ‘नाही’ म्हणजे नुसता एक उसासा.

मराठीत आपण सगळं वजन वाक्याच्या शेवटी ठेवतो. क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. पाठवलं, पाठवलं नाही. जमणार, जमणार नाही. इंग्रजीत ‘नॉट’ मुख्य क्रियापदाच्या आधीच येऊन जातो. आपल्याकडे शेवटचा शब्द गिळला तर अर्थ उलटा होतो. आणि बोलताना आवाज पडतो तोही नेमका तिथेच. समोरासमोर बसलेलो असताना हे खपून जातं, कारण मान हलते, चेहरा पडतो, हात ‘नाही’ म्हणतो. कॉलवर काळ्या आकृतीचा चेहरा कुणाला दिसणार? शिवाय गोंगाट गाळणारी सोय चालू असते. पंख्याची घरघर कापण्यासाठी ती चांगलीच आहे, पण अगदी पडलेल्या आवाजाची शेपटी कधी कधी तिच्यासोबत कापली जाते.

इतकी वर्षं मी ‘व्यावसायिक दिसणं’ म्हणजे इस्त्रीचा शर्ट आणि मागची नीटनेटकी भिंत एवढंच धरून चालले होते.

बुधवार, संध्याकाळ

काल टेबल फिरवलं. आता खिडकी समोर आहे. फरक इतका, की आधीचा आणि आत्ताचा फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळी माणसं वाटतील. कारण साधं आहे: कॅमेरा चौकटीतल्या एकूण उजेडाचा अंदाज घेऊन चित्र किती उजळ ठेवायचं ते ठरवतो. मागे लख्ख खिडकी असली की तो सगळंच मंद करतो आणि चेहरा अंधारात जातो. यावर महागडा कॅमेरा हा उपाय नव्हेच. संध्याकाळसाठी टेबलावरचा दिवा समोरच्या भिंतीकडे तोंड करून ठेवला. भिंतीवरून परतलेला उजेड मऊ पडतो. चष्म्यात दिव्याचे दोन ठिपके चमकत होते, म्हणून दिवा थोडा वर आणि बाजूला सरकवला. लॅपटॉपखाली शब्दकोशाचे दोन जाड खंड ठेवल्यावर कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आला.

आवाजाला मात्र दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या गेल्या ते बरं झालं.

आधी ब्लूटूथचे इअरफोन लावून पाहिले. गाणी त्यावर सुरेख ऐकू येतात, म्हणून माझा भरवसा होता. पण त्यांचा मायक्रोफोन चालू झाला की जोडणी बहुतेक वेळा बोलण्यासाठीच्या वेगळ्या पद्धतीवर जाते आणि आवाज आकसतो. रेकॉर्डिंगमध्ये मी जुन्या टेलिफोनवरून बोलत असल्यासारखी वाटले. जुना टेलिफोन आवाजाच्या कंपनांचा साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) एवढाच पट्टा पुढे पोचवायचा. ‘स’, ‘श’, ‘फ’ ओळखण्यासाठी लागणारा बराचसा भाग त्याच्या वरच राहतो. मग खणातले साधे वायरवाले इअरफोन काढले. त्यांचा मायक्रोफोन तोंडापासून वीतभर, आणि आवाज एकदम जवळ आला.

या वीतभराचं गणित मला फार आवडलं. मायक्रोफोनचं अंतर निम्मं केलं की तोंडातून थेट येणारा आवाज त्याच्याकडे सुमारे ६ डेसिबल जास्त पोचतो. खोलीत घुमणारा आवाज मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणजे आपण जवळ गेलो की खोली आपोआप मागे पडते. माझी खोली उघड्या फरशीची, कोऱ्या भिंतींची. जाड पडदा ओढला, खुर्चीमागे गोधडी टांगली. ती कॅमेऱ्यात दिसत नाही. विहीर गेली!

येल विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२५ मधला एक अभ्यास वाचला. त्यांनी तेच बोलणं काहींना स्वच्छ आवाजात ऐकवलं आणि काहींना स्वस्त मायक्रोफोनवरून आल्यासारख्या पत्र्याच्या आवाजात. शब्द दोन्हीकडे सारखेच. तरी पत्र्याच्या आवाजातला बोलणारा ऐकणाऱ्यांना कमी हुशार, कमी विश्वासार्ह, नोकरीवर घ्यायला कमी योग्य वाटला. वाचून मला रागच आला. मुलाखतीला बसलेल्या किती जणांना आपला आवाज पलीकडे कसा पोचतोय हे माहीतच नसेल. बोलणाऱ्याला स्वतःचा तो आवाज कधी ऐकूच येत नाही, आणि ऐकणारे संकोचाने सांगत नाहीत. आता मी मुलाखत घ्यायला बसेन तेव्हा पहिली दोन मिनिटं आवाजाचीच ठेवणार. ‘आवाज घुमतोय, मायक्रोफोन जरा जवळ घेता का?’ एवढं विचारायला काय जातं?

गुरुवार

आज थोडंच. स्वतःची चौकट लपवून पाहिली. बाकीच्यांना मी दिसते, मला मी दिसत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी चार कारणं मांडली, त्यातलं एक हेच आहे, सतत स्वतःला बघत राहणं. तासाभराच्या बैठकीनंतर आज कपाळ दुखलं नाही. बोलणाऱ्याची पडद्यावरची चौकट ओढून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणली, म्हणजे त्याच्याकडे बघताना नजर आपसूक कॅमेऱ्याजवळ राहते.

कपड्यांबद्दल एवढंच: बारीक रेघांचा शर्ट पडद्यावर लहरतो. साधा रंग बरा.

एक सवय अजून जमायची आहे. कुणी थांबलं रे थांबलं की मी बोलायला सुरुवात करते. दहा भाषांमधलं बोलणं तपासणारा २००९ मधला एक अभ्यास आहे. एकाचं संपल्यावर दुसऱ्याने सुरू करण्यात सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपासच फट असते, डोळ्याची पापणी लवावी तेवढी. कॉलवर आवाज पोचायलाच कधी कधी तेवढा वेळ जातो. मग दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, ‘तुम्ही बोला’, ‘नाही नाही, तुम्ही’. यात उद्धट कुणीच नसतं. मनात ‘एक, दोन’ म्हणून मग बोलायचं, असं ठरवलंय. आज पाचदा जमलं, दोनदा राहिलं.

शुक्रवार, रात्री

आजचा कॉल नऊला होता. साडेआठला बसून मिनिटभराचं रेकॉर्डिंग केलं, ऐकलं, मायक्रोफोन कॉलरला घासत होता तो सरळ केला. पाठ ताठ ठेवली की श्वास वाक्याच्या शेवटापर्यंत पुरतो, हे या आठवड्यात हाताला लागलेलं. कागद टेबलावरून उचलून पडद्याच्या कडेला चिकटवला, म्हणजे वाचताना मान खाली जायला नको.

माझी पाळी आली. सोमवारचं वाक्य मी मुद्दाम मोडून घेतलं होतं. ‘चाचणीचा भाग आज पूर्ण होणार नाही.’ थांबले. ‘नाही होणार. पुढचा बुधवार धरा.’ दोन्ही ‘नाही’ पूर्ण उच्चारले, शेवटच्या काना-वेलांटीसकट. सरांनी विचारलं, बुधवार नक्की ना? मी म्हटलं, नक्की. टिपणात बुधवार लिहिलं गेलं, मी डोळ्यांनी पाहिलं.

ताई वरच्या ओळीत डाव्या कोपऱ्यात होत्या. एरवी त्या ऐकताना कपाळाला आठी घालून पडद्याच्या जवळ झुकतात. हे मला रेकॉर्डिंग बघेपर्यंत कधी लक्षात आलं नव्हतं. आज मी पहिला ‘नाही’ म्हटला आणि दुसरा म्हणायच्या आधीच त्यांनी मान हलवली. खुर्चीला टेकूनच बसल्या होत्या.