बोंबील : मऊ अंगाचा शिकारी

बोंबलाच्या पारदर्शक, लिबलिबीत अंगाकडे पाहून तो दुबळा वाटतो. प्रत्यक्षात मात्र तो पट्टीचा शिकारी असून जवळा, कोळंबी, लहान मासे आणि प्रसंगी स्वतःच्याच जातीची पिल्लेही गिळतो. ताज्या बोंबलाचा जबडा उघडून पाहावा : आत वळलेल्या, सुईसारख्या दातांतून भक्ष्य निसटणे कठीणच. (हेच जबडे एकमेकांत अडकवून कोळणी बोंबील जोडीजोडीने दोरीवर वाळत घालतात.) मुख्यतः गुजरात-महाराष्ट्राच्या आणि बंगालच्या उथळ, गाळाच्या पाण्यात तो मुबलक आढळतो, पण मधल्या दक्षिण किनाऱ्यावर फारसा मिळत नाही, हे मला सर्वांत विलक्षण वाटते. भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेल्या डोल (पिशवीसारख्या) जाळ्यात जवळ्याबरोबर तोही येतो. मात्र जाळ्याच्या बारीक आसामुळे (छिद्रांमुळे) अपरिपक्व पिल्लेही सापडतात, याची काळजी वाटते.