अक्काचं दिसणं

दुपारी अक्का आली. टेबलावरची ड्रॉपची बाटली उचलली आणि चष्म्याशिवाय खडाखडा वाचून दाखवलं, "उघडल्यावर महिन्याने टाकून द्यायची, लिहिलंय की इथं." एवढंच. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन दोघींचं एकाच सकाळी. ती आधी, मी मागून. तिचं पंधरा मिनिटांत आटोपलं. माझ्या वेळी भिंगाची मागची पिशवी फाटली. आतला चिकट द्राव पुढे आला, तो काढण्यात वेळ गेला, आणि लेन्स पिशवीत न बसवता तिच्यापुढे बसवावी लागली. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. ती पिशवी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ असते म्हणे, चांगल्या हातूनही फाटते. पटलं मला. पण मग अक्काची का नाही फाटली? तिचं वाईट व्हावं असं नाही हो मनात, सिद्धरामेश्वराची शपथ. फक्त तिने वाचून दाखवू नये.

हे असते तर बाटली त्यांनीच वाचली असती. जाऊ दे.

जरा दिसायला लागलं होतं, तर महिन्याभराने डोळ्याच्या पडद्याला सूज आली. ओसीटीत, म्हणजे पडद्याचा फोटो काढतात त्यात, मधली जाडी 430 मायक्रॉन. हवी अडीचशेच्या आसपास. चांगला डोळा झाकला की पलंगावरच्या चादरीचे चौकडे मधोमध खचलेले दिसतात. जन्म सोलापूरच्या पूर्व भागात मागांच्या खडखडाटात गेला, धागा चुकलेला चौकडा मी दारातून ओळखायची. आता सरळ विणलेलाच वाकडा दिसतो आणि उगाच विणणाऱ्याचा राग येतो. मागच्या फोटोत 340 निघाले. म्हणजे उतरतेय. बऱ्याच जणांची उतरते, पण महिने घेते. अक्काला कसले महिने!

तिकडे तिच्या घरी मात्र वेगळंच चाललंय. डोळा उघडल्यापासून तिला कोपऱ्यातली जळमटं दिसतात, मिक्सरच्या बुडाचा चिकटा दिसतो, भाकरीवरचा करपलेला ठिपका दिसतो. आरशात बघून तर म्हणाली, "अगं, मी इतकी म्हातारी कधी झाले?" तेव्हा मी हसले, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी तिची सून शेंगाची चटणी घेऊन आली. माझी खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाली, "काकू, अक्कांना तेवढं सांगा ना, दुसऱ्या डोळ्याची घाई नको म्हणून."