पुणे ते चिपी

आज आईला घेऊन पुण्याहून गावी विमानाने आले. पुण्याचं लोहगाव ते सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ हे हवाई अंतर जेमतेम २९० किलोमीटर. तेच रस्त्याने चारशेच्या घरात जातं, शिवाय घाट उतरायचा. आईची कंबर आठ-नऊ तासांचं बसणं आता सोसत नाही, म्हणून हा खटाटोप.

विमान एटीआर, पंख्यांचं. मागच्या दाराने चढायचं, पायऱ्या मोजक्याच, त्यामुळे आईला हाताला धरून सहज नेता आलं. वेग ताशी पाचशेच्या आसपास, म्हणजे हिशोबाने पस्तीस मिनिटं पुरावीत. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरण्यासाठी वळसा घेणं हे सगळं धरून तासभर लागतोच. अंतर कमी असलं की हा वरखर्चाचा वेळच जास्त भरतो. या विमानाचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. कोयनेचं पाणी डोंगरांच्या फटीफटीत शिरलेलं आई बराच वेळ बघत होती.

घरापासून घरापर्यंत धरलं तर पाच तास गेले. विमानतळावर आधी पोचणं आलं, आणि चिपीच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, कुडाळ गाठायला पुढे गाडीही करावी लागली. तरी काकी दारातच म्हणाली, "येवढ्या बेगीन इलास?"

२०२१ साली हा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून मनात होतं. आता विमानाच्या वेळा धरून मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याला एसटी मिळायला हवी. म्हाताऱ्या माणसांसाठी तरी नक्कीच.